बाण सोडून दिला, मग सबस्पेस कळली

बारावीच्या फिजिक्समुळे व्हेक्टर म्हटलं की बाण आठवतो. बी.एस्सी.ला लिनियर अल्जिब्रा शिकताना मला सगळ्यात जास्त नडला तो हाच बाण. बहुपदीला कुठली आली दिशा? ज्यांची आपापसांत बेरीज होते, ज्यांना संख्येने गुणता येतं आणि हे करताना आठ नियम पाळले जातात, ते व्हेक्टर. बस. अशा व्हेक्टरांचा अख्खा संच म्हणजे व्हेक्टर स्पेस. इटालियन गणिती पेआनोने 1888 मध्ये तिची व्याख्या केली तीही अशाच नियमांवरून.

सबस्पेस म्हणजे स्पेसच्या आतला असा संच जो स्वतःही स्पेस असतो. तिच्यासाठी आठही नियम पुन्हा तपासावे लागत नाहीत, बरेचसे मूळ स्पेसकडून आयते मिळतात. तीनच गोष्टी बघायच्या: शून्य आत आहे का, दोघांची बेरीज आतच राहते का, कुठल्याही संख्येने गुणलं तरी आतच राहतं का.

शून्याचं महत्त्व मला ठाण्याच्या नकाशावर पटलं. ठाणे स्टेशन (0,0) धरा. स्टेशनातून जाणारी, दोन्हीकडे न संपणारी सरळ रेषा ही सबस्पेस. तिला समांतर, पण तलावपाळीवरून जाणारी रेषा नाही, कारण तिच्यावर शून्यच नाही. (0,0) तलावपाळीला हलवला की निकाल उलटा! म्हणूनच x+2y−z=0 चा उत्तरसंच सबस्पेस आहे आणि उजवीकडे 3 आला की नाही. पहिल्यात z=x+2y, म्हणजे प्रत्येक उत्तर x(1,0,1)+y(0,1,2) असं लिहिता येतं. मिती (म्हणजे कमीत कमी किती व्हेक्टर लागतात ते) 2.

शून्य सापडलं की लोक खूश होऊन थांबतात, आणि तिथेच फसतात. पहिल्या चरणात (अक्षांसकट) शून्य आहे, बेरीजही आतच राहते, पण (1,2) ला −1 ने गुणलं की बाहेर. पूर्णांकांच्या जोड्यांना अर्धा पुरतो. बरोबर घात 2 असलेल्या बहुपदी घ्या: x²+x आणि −x² यांची बेरीज x, घात 1 वर आला. शिवाय शून्य बहुपदीही त्यात नाही. ‘घात जास्तीत जास्त 2’ म्हटलं (आणि शून्य बहुपदी धरली) की मात्र सगळं जुळतं.

पेपरातली नेहमीची चूक वेगळीच. सबस्पेस ‘आहे’ म्हणताना आकडे घालून दाखवणं चालत नाही, तिथे u, v हे कुठलेही घटक आणि c ही कुठलीही संख्या घ्यावी लागते. ‘नाही’ म्हणायला उलट एकच आकडी उदाहरण पुरे, लांबलचक कारणमीमांसा नको.

दोन सबस्पेसचा छेद नेहमी सबस्पेस असतो, संयोग क्वचितच. दोन अक्ष एकत्र केले तर (1,0)+(0,1)=(1,1), कुठल्याच अक्षावर नाही. कारण सर्वत्र हेच: U आणि W या दोन सबस्पेस, u फक्त U मध्ये, w फक्त W मध्ये. u+w जर U मध्ये असेल, तर (u+w)−u म्हणजे w सुद्धा U मध्ये यायला हवा, आणि तो तर तिथे नाही. W चंही तसंच. त्यामुळे एक दुसरीच्या पोटात असेल तरच संयोग जमतो.