कॅशेलहून आर्डमोरला पायी

पंढरीची वारी केलेल्या माणसाला आयरिश संत सेंट डेक्लनच्या वाटेवर आधी जाणवतं ते हे, की इथे दिंडी नाही. टाळ नाहीत, विणेकरी नाही. आयर्लंडमधल्या कॅशेलपासून समुद्रकाठच्या आर्डमोरपर्यंत सुमारे 115 किलोमीटर आपलं आपण चालायचं.

कॅशेलमधून माझा पाय लवकर निघेना. गावाच्या डोक्यावर चुनखडीचा कातळ आणि त्यावर मन्स्टरच्या, म्हणजे दक्षिण आयर्लंडच्या, राजांची जुनी गादी. आयर्लंडचा राजा ब्रायन बोरू याच्या पणतूने 1101 साली हा गड चर्चला देऊन टाकला. दान मोठं खरंच, पण हिशेबही पक्का! गादी मूळची प्रतिस्पर्धी घराण्याची. ती देवाच्या नावावर केली की त्यांचा दावाच संपला. गंमत म्हणजे त्याच घराण्यातल्या कॉर्मक मॅकार्थीने पुढे तिथेच चॅपल, म्हणजे छोटं चर्च, उभारलं. 1134 साली त्याची प्रतिष्ठापना झाली. आतल्या कमानीवर दगडी मुंडकी ओळीने कोरलेली आहेत, कुणी डोळे वटारलेलं, कुणी झिजून सपाट झालेलं. वालुकाश्म पाणी पितो, म्हणून हे चॅपल वाळवायला वर्षानुवर्षं छपराखाली झाकून ठेवावं लागलं. शेजारच्या कॅथेड्रलला तर आज छप्परच नाही. 1647 मध्ये इथे आसऱ्याला आलेल्यांची कत्तल झाली. तिथे मला फार वेळ उभं राहवलं नाही.

पुढे काहिर, नदीतल्या बेटावरचा किल्ला, मग नॉकमीलडाउनचा डोंगर. चढावर पाऊस, उतारावर वारा आणि बुटांत चिखल. लिस्मोरला गुडघ्यांनी विश्रांती मागितली.

डेक्लन म्हणे आयर्लंडचा थोर संत पॅट्रिकच्याही आधीचा. पॅट्रिकला भेटायला डेक्लन आर्डमोरहून कॅशेलला जाई, अशी इथली श्रद्धा. आर्डमोरच्या विहिरीपाशी भाविकांनी खड्याने क्रूस ओरखडलेत. एक आजीबाई प्रदक्षिणा घालत होत्या. मीही मागे लागलो तेव्हा म्हणाल्या, "उजवी घाल हं, सूर्य जातो तशी." म्हटलं, आजी, आमच्याकडेही अशीच घालतात.

खाली वाळूत डेक्लनचा दगड आहे. वेल्सहून डेक्लनची घंटा घेऊन हा दगड समुद्रावर तरंगत आला म्हणतात. ज्ञानोबांची भिंत चालली हे ऐकत वाढलेल्याला यात नवल कसलं? ओहोटीला दगडाखालून सरपटलं की पाठदुखी जाते, पण पापी माणूस अडकतो म्हणे. पाठ दुखत होती, तरी मी बाहेरूनच नमस्कार केला.