कंपनीचं पिस्तूल घेताय? आधी लॉक बाहेर काढा

चकमकीच्या दगडाने ठिणगी पाडणारं जुनं पिस्तूल हातात आलं की लोक आधी शिक्का वाचतात. नक्कल करणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणून शिक्का झोकात मारलेला असतो. तारखा मात्र त्याला नडतात. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर आधी हृदयाच्या आकाराची खूण होती. पंजात मुकुट धरलेला सिंह 1808 च्या सुमारास आला. सिंहाबरोबर 1790 साल दिसलं, तर पिस्तूल परत करा. कंपनीची सत्ता 1858 मध्ये संपली, तेव्हा 1870 चा सिंहही तसलाच.

खरी परीक्षा लॉकची, म्हणजे घोडा आणि ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेची. त्याआधी नळीत लाकडी काडी तळापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा आणि तीच काडी बाहेरून नळीला लावून बघा. बत्तीच्या भोकापासून (ज्यातून आतली दारू पेटते) बरीच अलीकडे थांबली, तर आत जुना बार ठासलेला असू शकतो. मग जाणकाराशिवाय हात लावू नका.

नळी रिकामी असेल तर घोडा हळू मागे ओढा. अस्सल लॉकमध्ये दोन टप्पे लागतात, अर्धा आणि पूर्ण; स्वस्त नकलेत पुष्कळदा अर्ध्या टप्प्याची खाचच नसते. मग बाजूचे स्क्रू सोडून लॉक काढा. कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीत ज्यांची हयात कास्टिंगमध्ये गेली, त्यांना पुढचं सांगायला नको: घोड्याच्या काठावर साच्याच्या जोडाची रेघ, आतून वाळूचा खरखरीतपणा, बारीक ब्लोहोल, म्हणजे ओतताना हवेने पडलेली भोकं. अस्सल भाग घडवून कानशीने घासलेले असतात. कोरलेल्या अक्षराचा तळ धारदार असतो. ओतीव अक्षराच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या. आणि स्क्रूवर आजचा मेट्रिक मापाचा एम-5 नट सरळ चढला, तर विषयच संपला.

लॉकच्या खोबणीत पटाशीचे घाव आणि तेलाने काळवंडलेलं लाकूड हवं. लाकूड कोरणाऱ्या राउटर यंत्राचे गोल कोपरे आणि आतून कोरं लाकूड म्हणजे कालचा माल. विलायती दस्ता बहुधा अक्रोडाचा. शिसवाचा असेल तर तो नंतर इथे बसवलेला असू शकतो. ती फसवणूक नव्हे, पण अस्सलची किंमतही देऊ नका.

सगळीकडे सारखा नारिंगी गंज ही अ‍ॅसिडची करामत. जुना गंज काळपट तपकिरी, आणि बत्तीच्या भोकाभोवती खोल खड्डे पाडलेला, कारण रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, काजळी ओल धरते.

शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 45 मधली सूट दुरुस्त करूनही झाडता येणार नाहीत अशाच जुन्या शस्त्रांना आहे. नव्याने घडवलेलं, बार उडवू शकणारं ‘जुनं’ पिस्तूल घेतलंत, तर पैसे जातील ते जातीलच, वर विनापरवाना शस्त्राची केस मागे लागेल.