आडवे पडलेले दोघे

दुपारची जेवणं झाल्यावर भाचीने सतरंजीवर टॅरोचे, म्हणजे भविष्य बघायचे, पत्ते मांडले आणि माझी नजर दोन पत्त्यांवर अडकली. दोन्हींत माणूस आडवा, दोन्हींत तलवारी. एकाचा अर्थ विश्रांती, दुसऱ्याचा सर्वनाश. चार तलवारींच्या पत्त्यातला सरदार हात जोडून निजलाय. तीन तलवारी वर भिंतीला, एक खालच्या दगडावर. दहाच्या पत्त्यातल्या बिचाऱ्याच्या पाठीत दहाच्या दहा. म्हणजे तलवारी कुठे आहेत तेवढं बघायचं. यासाठी क्लास लावून वही भरायची काय गरज, असं मी म्हटलं, तर भाची रुसली.

पण खरंच, ही चित्रं काढणाऱ्या पामेला कोलमन स्मिथने निम्मं काम करून ठेवलंय. हे पत्ते १९०९ सालचे. मार्सेय नावाच्या जुन्या फ्रेंच टॅरोत पाच पेले म्हणजे नुसते पाच पेले. हिने तिथे काळा झगा घातलेला माणूस उभा केला. तीन पेले लवंडलेत, त्यांच्याकडे बघत तो मान घालून उभा; मागचे दोन शाबूत आहेत, ते त्याला दिसतच नाहीत. उतू गेलेल्या दुधावर संध्याकाळपर्यंत बोलणारी आमची आत्या अगदी अशीच.

आत्याला पत्त्यांचं वेड. पंचवटीतल्या वाड्यात मे महिन्याच्या दुपारी मेंढीकोट रंगायचा. हातात चांगली पानं आली की ती पदराने तोंड पुसायची, मग समोरचे सावध. तिच्या जोडात रंगाची तेरा पानं. टॅरोत चौदा, कारण राजा-राणीच्या हाताखाली घोडेस्वार आणि हुजऱ्या असे दोघे. शिवाय बावीस मोठे पत्ते वेगळे, म्हणून एकूण ७८. मुळात हे पंधराव्या शतकातल्या इटलीत खेळायलाच निघाले. त्यांत भविष्य दिसू लागलं ते अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. हे आत्याला सांगितलं असतं तर म्हणाली असती, "मग वाट की!"

मृत्यूचा पत्ता निघाला की भाची घाईघाईने सांगते, "मरण नव्हे गं मावशी, बदल." चित्रात पांढऱ्या घोड्यावर सांगाडा आणि घोड्यापाशी राजा मरून पडलाय. त्या राजाला विचारा.

माझं जमत नाही ते उलट्या पत्त्यांशी. उलटा आला की अर्थ फिरतो म्हणे. उंबऱ्याबाहेर उलटी चप्पल दिसली की घरात भांडण नको म्हणून मी ती पायाने सरळ करते. तसाच हात पत्त्याकडे जातो. "मावशी, अगं हात नको लावूस!" त्यातही एका पायाने टांगलेला तो बाबा. पत्ता सरळ असला की तो उलटा लटकतो, पत्ता उलटा आला की हा आपला उभा. त्याचं काय करायचं ते मी अजून ठरवलेलं नाही.

लहानपणी गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात पोपटवाला बसायचा. पिंजऱ्याचं दार उघडलं की पोपट तुरुतुरु बाहेर यायचा, चोचीने दोन-तीन पाकिटं बाजूला सारून एक ओढायचा आणि दाणा खाऊन परत आत. उलटंसुलटं काही नाही. वाईट निघालेलं मी तरी कधी ऐकलं नाही. आत्याला धनलाभ, शेजारच्या काकूंनाही धनलाभ. माझ्या पाकिटात समुद्रापलीकडचा प्रवास निघाला होता. पुढे शाळेच्या सहलीत घारापुरीला जाऊन आले. लाँचमध्ये उलटीही झाली. समुद्र तो समुद्रच.