मावशी रोज वेचून टाकायच्या ते दाणे

मी करवीर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, पहिली ते सातवी, त्या वर्षी पट 86 होता. विज्ञान माझ्याकडं आणि शालेय पोषण आहार पण माझ्याकडंच, म्हणजे तांदळाचा साठा, डाळ-कडधान्य, तेल, रोजची नोंद, पोरांना वाढायच्या आधी चव बघून वहीत सही करायची, सगळं. ही गोष्ट 2022 च्या ऑगस्टमधली आहे. कोरोनात शाळेत शिजतच नव्हतं, कोरडा शिधा पालकांच्या हातात द्यायचो, त्या वर्षी खिचडी परत सुरू झाली आणि पोरं परत ओळीनं ताटल्या घेऊन बसायला लागली ते बघूनच बरं वाटायचं.

त्या दिवशी सकाळपासून झड लागलेली. परिपाठ झाला आणि सात-आठ पालक भिजतच व्हरांड्यात आले, त्यात चौथीतल्या एका मुलीची आई पुढं. तिनं पदराची गाठ सोडली, आत वीस-पंचवीस दाणे.

"सर, ह्यो कसला तांदूळ ओ? पोरगी भातातनं काढून आणल्या. प्लास्टिकचा हाय म्हणत्यात समदी."

मागून एकानं मोबाईल पुढं केला, त्यात प्लास्टिकच्या तांदळाचा कसलातरी व्हिडिओ. "आमची पोरं काय मारायला शाळंत घालतोय व्हय आमी?" असं एकजण बोलला आणि मला राग यायच्या ऐवजी त्याचं पटलंच, कारण माझं पोरगं असतं तर मी पण असाच आलो असतो. आणि आमचा भाग भाताचा आहे, ही माणसं स्वतः रोप लावतात, चिखलात उतरतात, तांदूळ चिमटीत धरला तर जुना का नवा सांगतात, त्यांच्या नजरेतनं वेगळा दाणा सुटेलच कसा.

मी एक दाणा तळहातावर घेऊन उजेडात बघितला. रंग जरा पिवळट, चमक नाही, आणि नेहमीच्या तांदळाला एका टोकाला कोंब निघतो तिथं बारीक खाच असते ती नाही, दोन्ही टोकं सारखीच. मला माहीत होतं हे काय आहे. 2021 च्या 15 ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरनं सांगितलेलं की रेशन, अंगणवाडी, शाळा सगळीकडं 2024 पर्यंत पोषणमूल्य वाढवलेला तांदूळ देणार, तोच हा फोर्टिफाइड तांदूळ. आमच्याकडं पोती आली, पोत्यावर छापलेलं पण होतं, पण मराठीत समजावून सांगणारा एक कागद नाही, एक मीटिंग नाही, वरून कुणी चकार शब्द बोललं नाही. आणि मी पण कुणाला सांगितलं नाही, हे माझं चुकलंच.

मी म्हटलं, चला, तुमच्यासमोरच बघू. सातवीच्या एका मुलीला बोलावलं, प्रयोगाच्या पेटीतनं आयोडीन काढलं. तीन बशा. एकीत पदरातले दाणे कुटून, दुसरीत एका पालकाच्या घरनं मुद्दाम आणलेला तांदूळ कुटून, तिसरीत प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा. मुलीचा हात थरथरत होता, एवढी माणसं बघत होती तिच्याकडं. दोन-दोन थेंब टाकले. घरचा तांदूळ काळा-निळा झाला आणि पदरातला पण तसाच काळा-निळा झाला, पिशवीच्या तुकड्यावर थेंब आपला तांबडाच राहिला. मग तिनंच न विचारता सांगितलं, "पिष्ट असलं की निळं होतं, प्लास्टिकात पिष्ट नसतं."

मग मी सांगितलं की हा दाणा तांदळाच्या पिठाचाच आहे. पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी 12 मिसळतात, मळतात आणि मशीनमधनं दाबून दाण्याच्या आकाराचं पाडतात, आपण सोऱ्यातनं कुरडया पाडतो तसंच, आणि 100 किलो तांदळात 1 किलो असला दाणा मिसळतात. कुरडईचं नाव निघाल्यावर बायका पुढं सरकून बघायला लागल्या. "मग ह्यो पाण्यावर का तरंगतोय?" मशीनमधनं काढलेला असतोय, साध्या तांदळापेक्षा हलका राहतो म्हणून, असं म्हटलं.

तेवढ्यात स्वयंपाकखोलीच्या दारातनं आमच्या मावशी बोलल्या, हात पुसत उभ्या होत्या, कधीपासनं ऐकत होत्या कुणास ठाऊक.

"सर, म्हंजे त्यो टाकायचा नव्हता व्हय? मी तर रोज काढून टाकतो की."

मी आत गेलो. तांदूळ धुवायच्या मोठ्या पातेल्याशेजारी एक जर्मनची वाटी ठेवलेली, निम्मी भरलेली. धुताना वर येतील तेवढे ओंजळीनं काढायचे आणि खाली उरलेले नजरेला पडतील तेवढे वेचायचे. शाळेला रोज साधारण 10 किलो तांदूळ लागतो, पहिली ते पाचवीला पोरामागं 100 ग्रॅम, सहावी-सातवीला 150, म्हणजे त्यात असले दाणे जेमतेम 100 ग्रॅम. एका लहान पोराच्या वाट्याला 1 ग्रॅम, मोजायला गेलं तर पन्नासेक दाणे. त्यातनं 3-4 मिलिग्रॅम लोह मिळायचं, आणि तेच मावशी महिनोन् महिने घरी नेऊन कोंबड्यांना टाकत होत्या.

मावशींना तेव्हा महिन्याला 1500 रुपये मानधन होतं. त्यात वेचायचं काम कुणी सांगितलेलं नव्हतं, पहाटे उठून घरचं आवरून लवकर यायच्या आणि चष्मा लावून बसायच्या. मी कितीदा बघितलेलं, मनात म्हणायचो किती निगुतीनं करतात, आणि एकदाही विचारलं नाही की मावशी काय वेचताय. त्यांचे डोळे भरले. "पोरांच्या पोटात कायबाय जाऊ ने म्हून केलं ओ." पदरात दाणे घेऊन आलेली ती आईच त्यांच्याजवळ गेली, म्हणाली, "मावशी, मी असतो तर मीबी टाकलं असतं."

मला आजही हेच बोलायचं आहे सगळ्यांशी. तांदूळ सुधारायला कारखान्यात एवढी मेहनत घेतात, तो पोत्यात भरून गावापर्यंत येतो, पण तो पोराच्या पोटात जाणार का नाही ते शेवटी पातेल्याजवळ बसलेली बाई ठरवते, आणि तिलाच कुणी काही सांगत नाही. पोतं पाठवता तसा मराठीत एक कागद पाठवा, केंद्रावर एक दुपार सगळ्या स्वयंपाकी बायकांना बोलवा, चहा द्या, दाणा हातात देऊन सांगा. आणि नुसत्या त्या दाण्यावर पण भागत नाही, डाळ-भाजी ठरल्याएवढी पडली पाहिजे, लिंबू पिळलं तर लोह अंगाला लागतं म्हणून मी तेव्हापासनं गावात ज्यांच्या दारात झाड आहे त्यांच्याकडं लिंबं मागतो आणि लोक देतात.

त्या दिवशी पालकांना तसंच पंगतीला बसवलं. मसूरडाळीची खिचडी होती, एकजण म्हणाला चटणी कमी पडली, आपल्या कोल्हापूरच्या माणसाला कांदा-लसूण चटणी कितीबी घातली तरी कमीच. चौथीतली ती मुलगी आईच्या मांडीला टेकून जेवली आणि ताटली पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. मावशी तांदूळ धूत होत्या, चष्मा नव्हता लावला. पाच-सहा दाणे वर आले, त्यांनी सवयीनं ओंजळ केली, थांबल्या, माझ्याकडं बघितलं आणि तळहातानं ते परत पाण्यात दाबले. दोन लगेच वर आले. ते तसंच राहू दे म्हणत त्यांनी पातेलं गॅसवर चढवलं.