'नील'चे गठ्ठे

१३ जून २००८, शुक्रवार. डब्लिनच्या आरडीएस हॉलमध्ये मतपेट्या उघडत होत्या आणि मी कानाला हेडफोन लावून, लांब दांड्याचा माइक धरून उभा होतो. टीव्हीच्या एका युनिटबरोबर साउंडचं काम करायचो तेव्हा. युरोपीय संघाचा कारभार नव्याने आखणाऱ्या लिस्बन करारावर आदल्या दिवशी मतदान झालं होतं. युरोपीय संघाच्या २७ देशांत जनतेला विचारलं ते एकट्या आयर्लंडने, तेही हौसेने नव्हे. १९८७च्या क्रॉटी खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालापासून असे करार तिथे सार्वमताला टाकावेच लागतात.

मतपत्रिकेवर आयरिशमध्ये 'तॉ' आणि 'नील', म्हणजे हो आणि नाही. कठड्यावर ओणवे होऊन पक्षांचे टॅलीमन, म्हणजे मतांचा अंदाज घेणारे कार्यकर्ते, उलगडणारे कागद नजरेने टिपत होते, वहीत रेघा मारत होते. तासाभरात त्यातला एक जण माइकचं भान न राहून पुटपुटला, "गेलं." अधिकृत आकडे नंतर आले: ५३.४ टक्के 'नील'. फरक साधारण १ लाख १० हजार मतांचा. मला निकाल कळला तो त्या एका शब्दात.

बाहेर एका म्हाताऱ्याची बाइट घेतली. तो म्हणाला, "यात काय लिहिलंय ते मला कुणी धड सांगेना. घराचे कागद असते तर सही केली असती का?" मला आमचे आजोबा आठवले, तलाठ्यासमोर अंगठा उठवण्याआधी तीनदा वाचून घेणारे. बरं, खुद्द पंतप्रधान ब्रायन काउअन यांनीच करार पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला नसल्याचं सांगितलं होतं!

महिनाभरात फ्रान्सचे अध्यक्ष सारकोझी म्हणाले, आयर्लंडला पुन्हा मतदान करावं लागेल. डोकंच फिरलं माझं. हवं ते उत्तर येईपर्यंत तोच पेपर द्यायचा? युरोपीय संघाच्या आधीच्या नीस कराराचं तिथे हेच झालं होतं, २००१ला नाही, २००२ला हो. पण मग फ्रेंच आणि डच मतदारांचं काय झालं ते आठवलं. २००५ला त्यांनी युरोपची राज्यघटना नाकारली, त्यातला बराचसा भाग लिस्बनच्या नावाने परत आला आणि त्यांना कुणी विचारलंच नाही. त्यापेक्षा पुन्हा विचारणं परवडलं. निदान मतदाराच्या हातात घासाघीस करायला काही राहतं. आयरिश लोकांनी ती केली: युरोपीय संघाचा कारभार पाहणाऱ्या आयोगात प्रत्येक देशाचा एक आयुक्त कायम, आणि कर, लष्करी तटस्थता, गर्भपात यांबाबत लेखी हमी. कराराचं अक्षर मात्र बदललं नाही.

३ ऑक्टोबर २००९ला मी पुन्हा माइक घेऊन उभा. या वेळी ६७.१ टक्के 'तॉ'. मधल्या काळात तिथल्या बँका आणि बांधकामाचा धंदा, दोन्ही झोपले होते. एका तरुणाने आम्हाला सांगितलं, गेल्या खेपेला नाही, यंदा हो.

"हमीपत्र वाचलंत का?" आमच्या बातमीदाराने विचारलं.

"नाही," तो म्हणाला, "नोकरी गेली."

ही बाइट काही प्रसारणात घेतली नाही.