हिरव्या झग्याचे महिने

जून उजाडला की आमच्या चर्चमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या. छपराला नवी गळती सापडते आणि फादरांचा झगा हिरवा होतो. गळतीची चर्चा महिनाभर पुरते. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळाच्या, मीटिंगा होतात, कौलं की पत्रे यावर दोन पक्ष पडतात, आणि कुणाचा तरी मेहुणा वॉटरप्रूफिंगची कामं घेतो हे दरवर्षी नव्याने कळतं. झग्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. ईस्टरनंतर पन्नासाव्या दिवशी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाचा लाल झगा कपाटात जातो, पवित्र त्रैक्याचा आणि ख्रिस्तशरीराचा असे दोन रविवार पांढऱ्यात निघतात, आणि मग जो हिरवा रंग वेदीवर येतो तो नोव्हेंबर सरत आला तरी मुक्काम हलवत नाही. मध्ये एखादा मोठा सण किंवा एखादा हुतात्मा आला तर तेवढ्यापुरता पांढरा किंवा लाल. बाकी सगळा हिरवा.

उपासनेच्या पंचांगात याला सामान्यकाळ म्हणतात. नाताळनंतरचे थोडे आठवडे आणि पेंटेकॉस्टनंतरचे हे लांबलचक महिने मिळून वर्षाचे 33-34 आठवडे त्यातच जातात. म्हणजे वर्षाचा मोठा हिस्सा हाच. पण कौतुक सगळं उरलेल्या थोड्या आठवड्यांचं. नाताळआधीच्या आगमनकाळाला चार मेणबत्त्या आहेत, नाताळला गोठा आणि करंज्या आहेत, ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळाला राख आहे, ईस्टरला मध्यरात्रीचा अग्नी आहे. या हिरव्या महिन्यांना काय आहे? छत्र्या आहेत. दारातल्या बादलीत पन्नास काळ्या छत्र्या उभ्या असतात आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की ज्याच्या हाती जी येईल ती त्याची. मागे आमच्या घरची छत्री गणपतीच्या सुमारास एका मावशींच्या हातात दिसली. त्यांनीच ओळखली, म्हणाल्या, "अगं, ही तुमची ना? दांडा बदलून घेतलाय हो मी." छत्री आली ती दुरुस्त होऊन आली. सामान्यकाळातले चमत्कार साधारण या मापाचे असतात.

वसईत वाढलेल्या माणसाला दोन पंचांगं सांभाळावी लागतात. एक रोमहून आलेलं आणि एक मृगापासून सुरू होणारं. ती एकमेकांशी जुळावीत असं काही कारण नाही. युरोपात ईस्टर म्हणजे वसंत, बर्फ वितळून फुटलेली पालवी. आमच्याकडे ईस्टर म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या, अंगाची काहिली आणि मोहोर गळून कैऱ्या धरलेल्या. पण हिरव्या रंगाच्या बाबतीत गंमत उलटी आहे. ऑगस्टमध्ये रोमच्या आसपास गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, आणि तिथे फादर हिरवा झगा घालून उभे राहतात. तेव्हा निर्मळ-नंदाखाल-भुईगावकडे बघा. चर्चच्या पायऱ्यांच्या फटीतसुद्धा हिरवं उगवलेलं असतं, कंपाउंडच्या भिंतीवर शेवाळ, समोर भाताची खाचरं, मागे केळीच्या वाड्या. हा रंग ज्यांनी ठरवला त्यांनी वसई पाहिली नव्हती, तरी तो शोभतो आम्हालाच.

प्रायश्चित्तकाळाशी मात्र माझं जरा भांडण आहे. त्या चाळीस दिवसांत सगळेच एकदम आध्यात्मिक होतात. चहा सोडतात, सिरियल सोडतात, कुणी मोबाईल सोडण्याची घोषणा मोबाईलवरूनच करतो. तपसाधनेची शिबिरं भरतात, बाहेरून वक्ते येतात, लाऊडस्पीकरवर पश्चात्ताप होतो. आणि दर शुक्रवारी मांस वर्ज्य. मांस म्हणजे मटण-चिकन, मासे चालतात. हा नियम जिथे रुजला तिथे मासे हे गरिबाचं जेवण असेल. कोकण किनाऱ्यावर पापलेटचा भाव विचारून बघा आणि मग सांगा त्याग कशाचा झाला. माझी आजी या बाबतीत कडक होती. तिचं म्हणणं, शुक्रवारी बोंबील तळून खाणाऱ्याने उपवासाचं नाव घेऊ नये. ती स्वतः त्या दिवशी पेज आणि लोणच्याची फोड खायची आणि कुणाला सांगायची नाही. सगळ्यांना माहीत असायचंच.

पण प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी मला काही बोलता येत नाही. कपाळावर लावतात ती राख मागच्या वर्षीच्या झावळ्यांची. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मिरवणुकीत मिरवलेली, मग घरी आल्यावर तिचा क्रूस विणून भिंतीवरच्या तसबिरीमागे खोचलेली, वर्षभर धूळ खात वाळलेली ती पाती आपण परत चर्चमध्ये नेऊन देतो. ती जाळून राख होते. ज्या हाताने 'होसान्ना' म्हणत ती हलवली होती त्याच हाताने. याच दिवसांत, फाल्गुन-चैत्रात, ज्यांची भातशेती अजून शिल्लक आहे ते राब भाजतात. पालापाचोळा, शेण, फांद्या वाफ्यावर पसरून पेटवतात. राख मातीत राहते आणि जूनमध्ये त्याच जागी रोपाचं बी पडतं. लहानपणी मला वाटायचं, शेतात आणि चर्चमध्ये एकच काम चाललंय आणि फादर आणि आमचे काका यांनी ते आपसात वाटून घेतलंय. अजूनही फारसं वेगळं वाटत नाही.

ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहाचा हिशेब कोळीवाड्याला न सांगता कळतो. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. त्यामुळे पवित्र सप्ताहात चंद्र पूर्ण व्हायचाच, आणि पौर्णिमा म्हटली की उधाण. बहुतेक वर्षी ही पौर्णिमा चैत्राची असते. 2023 साली हनुमान जयंती आणि पवित्र गुरुवार एकाच दिवशी आले, 6 एप्रिलला. 2024 साली गणित महिनाभर अलीकडे सरकलं आणि झावळ्यांच्या रविवारी संध्याकाळी होळी होती. सकाळी आम्ही झावळ्या घेऊन निघालो, रात्री शेजारच्या आळीत होळी पेटली, बोंबा ऐकू आल्या. शेजारच्या काकूंनी पुरणपोळ्या पाठवल्या. घरात पुरणपोळी चालते का यावर थोडी चर्चा झाली. फार नाही, कारण पोळ्या गरम होत्या.

पवित्र गुरुवारी रात्री घंटा बंद होतात आणि शनिवारच्या जागरणापर्यंत लाकडी खटखट वाजते. घंटांचा विषय निघाला की आमच्याकडचे जुने लोक हमखास 1739 वर जातात. चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा घाटावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची प्रसिद्ध घंटा त्यांतलीच असं सांगतात. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रारीपेक्षा अभिमानच जास्त असतो. आपली घंटा अजून वाजते आहे ना, मग झालं.

आता परत पावसाकडे. 1969 पासून रविवारची शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली येशूची चरित्रं, तीन वर्षांच्या फेऱ्यात वाचली जातात: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. सालाच्या आकड्याला तीनने पूर्ण भाग गेला की लूकचं वर्ष. मी आमच्या चर्चमध्ये वाचनं करते, त्यामुळे हा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. आणि ठेवता ठेवता लक्षात येतं की बी-बियाण्याच्या गोष्टी नेमक्या पावसाळ्यात येतात. मार्कच्या वर्षी जूनच्या मध्याला तो माणूस येतो, जो बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि बी कसं रुजतं वाढतं हे त्याला ठाऊक नसतं. मत्तयच्या वर्षी जुलैत पेरणाऱ्याचा दृष्टान्त: काही बी वाटेवर, काही खडकावर, काही काटेरी झुडपांत. बाहेर लावणी चाललेली असते. पुढच्या रविवारी गव्हातलं तण. निंदणीला माणूस मिळत नाही म्हणून वैतागलेले लोक बाकांवर बसून ऐकतात की मालकाने सांगितलं, तण आत्ता उपटू नका, कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या. एका आजोबांनी मागच्या बाकावरून स्पष्ट ऐकू येईल असं म्हटलं होतं, "याला शेती येत नाही."

मार्कच्या वर्षाला आणखी एक खोड आहे. त्याचं शुभवर्तमान सगळ्यांत छोटं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये चौथ्या शुभवर्तमानातला, योहानचा सहावा अध्याय घालून जागा भरतात आणि सलग पाच रविवार जीवनाची भाकर हाच विषय चालतो. पहिल्या रविवारी प्रवचन सुरेख होतं. दुसऱ्या रविवारी बरं. चौथ्या रविवारी भाकरीबद्दल आणखी काय बोलावं हे फादरांना सुचत नाही आणि ऐकणाऱ्यांना ते कळतं, आणि दोघंही समजुतीने घेतात. मला हे चौथे रविवार आवडतात. पाऊस पत्र्यावर इतका वाजतो की अर्धं प्रवचन तसंही ऐकू येत नाही, तरी माणसं आलेली असतात. कुणी बोलावलेलं नसतं, सण नसतो, नवे कपडे नसतात. माणसाची श्रद्धा वाढत असेल तर ती या दिवसांतच वाढत असावी, असं मला अलीकडे वाटू लागलं आहे. प्रायश्चित्तकाळात आपण संकल्प करतो. ते खरे की खोटे हे ऑगस्टमध्ये ठरतं.

आमच्या पॅरिशमधल्या दोन भावांचं सांगते. नावं नकोत. वडिलोपार्जित वाडी. एकाला विकायची होती, दुसऱ्याला नाही. वसईत हे प्रकरण घरोघरी आहे. वसईचे धर्मगुरू आणि लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्याबरोबरची माणसं हिरवा पट्टा वाचवा म्हणून उभी राहिली, तेव्हापासून वाडी ही आमच्याकडे नुसती जमीन राहिलेली नाही; विकणारा आणि न विकणारा अशा दोन जाती झाल्यात. दिब्रिटो पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा दोन्ही जातींनी पेढे वाटले, ते वेगळं. तर हे दोन भाऊ चर्चमध्ये दोन बाजूंच्या बाकांवर बसत. समेटासाठी त्यांना शिबिराला नेलं, जाणत्यांनी घरी बसवलं, एका प्रायश्चित्तकाळात तर प्रवचन त्यांच्याकडे बघूनच झालं. त्याने दोघंही आणखी ताठ झाले.

मग एका पावसाळ्यात डाव्या बाजूच्या छपरातून पाणी ठिबकू लागलं. ती बाकं ओढून उजवीकडे लावली. धाकट्याला थोरल्याच्या मागच्याच बाकावर बसावं लागलं. मिस्सेत शांतीची खूण द्यायची वेळ आली की मागेपुढे वळून हात जोडायचे असतात. पहिल्या रविवारी थोरला वळला नाही. पुढचे काही रविवारही नाही. नंतर कधी वळू लागला ते माझ्या नजरेतून निसटलं, कारण तोवर आम्ही सगळ्यांनी बघणं सोडून दिलं होतं. वाडीचा वाद अजून मिटलेला नाही, वकील दोघांचेही चालू आहेत. पण धाकट्याच्या मुलीच्या साखरपुड्याला थोरला सकाळपासून मांडवात होता आणि आचाऱ्यावर खेकसत होता. हे कुणाच्या प्रवचनाने झालं म्हणावं? पॅरिश कौन्सिलने पुढच्या वर्षी ते छप्पर दुरुस्त केलं, तेव्हा फादर म्हणाले, "थोडं थांबायला हरकत नव्हती."

यंदा मत्तयचं वर्ष आहे आणि सप्टेंबरच्या मध्यानंतर द्राक्षमळ्यातल्या मजुरांचा दृष्टान्त आला. सकाळी लागलेल्याला एक दिनार आणि दिवस मावळताना लागलेल्यालाही एकच दिनार. वसईत द्राक्षं कुणी लावत नाही, पण मजुरीचा विषय निघाला की वसईचं काळीज हलतं. मिस्सा संपल्यावर बाहेर स्कूटरपाशी घोळका झाला. केळीचे घड उतरवायला माणसं लावणारे एक काका म्हणाले, "फादर, असं एकदा करून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला एक माणूस येणार नाही. सगळे संध्याकाळी पाचला."

फादर म्हणाले, "आणि ज्याला दिवसभर कुणी कामावर घेतलंच नाही त्याने रात्री काय खायचं?"

"ते ठीक आहे हो. पण सकाळपासून राबला त्याला थोडं वर द्यावं की नाही?"

"ठरलेलं दिलं ना त्याला?"

"दिलं. पण त्याच्या मनाला काय वाटलं असेल?"

यावर थोरला भाऊ, जो सहसा बोलत नाही, म्हणाला की मनाला वाटतं खरं. मग पाऊस आला आणि सगळे पांगले. पुढच्या रविवारी वाचन त्याच मळ्यातलं आहे: बापाने कामाला जा म्हणून सांगितलेल्या दोन मुलांचं. एक नाही म्हणतो आणि जातो, दुसरा हो म्हणतो आणि जात नाही. आमच्या पॅरिशमध्ये दोन मुलगे असलेली घरं बरीच आहेत, तेव्हा स्कूटरपाशी घोळका मोठा होईल असं दिसतंय.