तुम्ही विचारलंत म्हणून: उटीचा फ्लॉवर शो, खिशाला झेपेल असा

"आंबा आटपला की उटीला जायचं म्हणतोय. फ्लॉवर शो स्वस्तात कसा होईल?" रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत दरवर्षी हाच प्रश्न. "रेल्वेने जा" हे माझं उत्तर ऐकल्यावरचं वाक्यही ठरलेलं: "त्यापेक्षा बारा जण मिळून गाडीच करू, माणशी स्वस्त पडेल."

नाही पडत.

गाडीचा हिशेब कुडाळात बरोबर येतो आणि म्हैसूर-उटी रस्त्यावरच्या बंदिपूरच्या फाटकाशी चुकतो. तिथला जंगलातला रस्ता 2009 पासून रात्री 9 ते सकाळी 6 बंद असतो, जनावरं गाड्यांखाली येऊ नयेत म्हणून. विनवण्यांनी तो उघडत नाही आणि उघडूही नये. कुडाळहून पहाटे चारला निघालेली गाडी घाट, जेवण, चहा, कुणाला तरी गाडी लागणं हे सगळं धरून म्हैसूरला पोचते तेव्हा संध्याकाळ झालेली असते. तिथून फाटक ऐंशी किलोमीटरच्या आसपास. साडेसातला म्हैसूर सोडलं तर ते मिळत नाही. मग एक तर म्हाताऱ्यांसकट रात्र सीटवर, नाहीतर फाटकाअलीकडच्या गुंडलुपेटला मिळेल त्या भावात चार खोल्या, वर ड्रायव्हरचा भत्ता. सकाळी जंगल ओलांडलं की तमिळनाडूच्या हद्दीवर ई-पास विचारतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने 7 मे 2024 पासून निलगिरीत, म्हणजे उटीच्या जिल्ह्यात, बाहेरच्या गाड्यांना तो लागतो. मोबाइलवर फुकट निघतो, पण 2025 च्या उन्हाळ्यात रोज 6000 आणि शनिवार-रविवारी 8000 एवढ्याच गाड्यांना सोडत होते. तुमच्या पासावर तारीख कालची. नवा काढायचा, तोही त्या दिवसाचे शिल्लक असतील तर. गाडीनेच जायचं असेल तर गुंडलुपेटचा मुक्काम आधीच ठरवा आणि पास दुसऱ्या दिवसाचा काढा.

सरकारी बसने किंवा रेल्वेने येणाऱ्याला हा पास लागतच नाही. रत्नागिरीहून नेत्रावती एक्स्प्रेसने केरळातलं शोरणूर, तिथे गाडी बदलून पालघाटमार्गे दोनेक तासांत कोइंबतूर, आणि मेट्टुपाळयम रोडच्या स्टँडवरून उटीची बस. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे मेच्या मध्यावर जायचं तर दारात पालखी नाचत असते त्या शिमग्याच्या दिवसांतच तिकिटं काढावी लागतात. परतीचीही तेव्हाच. शोच्या तारखा मात्र सरकतात: 2024 ला 10 मेपासून, 2025 ला 15 मेपासून. म्हणून खोली रद्द करता येईल अशीच घ्या.

खोली उटीत नको, अलीकडच्या कुन्नूरला घ्या. शोच्या दिवसांत उटीचे भाव चढलेले असतात. टॉय ट्रेनची मेट्टुपाळयमहून सकाळी 7.10 ची गाडी मिळाली नाही म्हणून हळहळू नका. तो दात्यांच्या रुळांवरचा चढ बघण्यासारखा आहे हे खरं, पण कुन्नूर ते उटी त्याच मार्गावर दिवसातून अनेक फेऱ्या असतात आणि खिडकीवर साधं तिकीट मिळतं. मेअखेर जाणाऱ्यांना कुन्नूरच्या सिम्स पार्कमधलं फळांचं प्रदर्शनही सहसा गाठता येतं. आंबेवाल्यांनी ते चुकवू नये.

पहिल्याच दिवशी जा, असं मी पूर्वी सांगायचो. मग गर्दी आणि भाव पाहून म्हणायला लागलो, शो संपल्यावर जा. शो भरतो त्या बोटॅनिकल गार्डनमधल्या कुंड्यांची मांडणी नंतरही काही दिवस असतेच. पण कापलेल्या कार्नेशन-गुलाबांचे मोठे देखावे पहिल्या तीन-चार दिवसांतच टवटवीत असतात, आणि घरातल्या पोरांना तेच बघायचे असतात. त्यामुळे आता माझं उत्तर: पहिल्या आठवड्यातला मधला वार, दार उघडायच्या वेळेला. हे बरोबरच आहे असं छातीठोक सांगत नाही.

उटी 2240 मीटरवर आहे. मेमध्येही रात्री स्वेटर लागतो, दुपारी पाऊस येतो. पाण्याच्या लहान प्लास्टिक बाटल्यांना जिल्ह्यात बंदी आहे. स्टीलची घेऊन जा, पाण्याच्या मशीन आहेत.

राहतो तो गुडघे धरलेल्या आईचा प्रश्न. तिला सामानासकट शोरणूर स्टेशनचा पूल चढवायला सांगताना माझीही जीभ अडखळते. तिच्यासाठी तुम्ही गाडीच म्हणालात, तर मी वाद घालणार नाही. फक्त गुंडलुपेटचा मुक्काम आणि दुसऱ्या दिवसाचा पास विसरू नका.